लिफ्टबाहेरच्या चपला

आमच्या शहरात उंच म्हणजे मकबऱ्याचे मिनार. आता मुकुंदवाडीकडं चौदा मजली टॉवर झालेत, त्यातल्याच एकात मी राहतो. लेकाकडं राहायला आलेली अजिंठ्याकडची एक म्हातारी मला रोज लिफ्टपाशी भेटायची. चपला दाराबाहेर जोडीनं काढून, पदर सावरून ती अनवाणी आत शिरायची.

"आजी, ही काय खोली नाही," मी एकदा म्हणालो.

"दार लावून घेता, मंग खोलीच की."

ती वर पोचली की रिकामी लिफ्ट खाली यायची आणि वॉचमन चपला आत ठेवून तिच्या मागोमाग पाठवायचा. मला हसू यायचं.

एके दिवशी आम्ही दोघंच वर जाताना लिफ्ट मध्येच बंद पडली. घंटी वाजेना, मोबाइलला रेंज नाही. मला दरदरून घाम फुटला. ती मात्र मांडी घालून बसली. "येतंय कुनीतरी. बस."

थोड्या वेळानं खरंच दार खडखडलं, फटीतून उजेड आला. बाहेर वॉचमन उभा, काखेत तिच्या चपला.

"ह्या पाठवायला थांबलो व्हतो. लिफ्ट खाली येईचना. म्हनलं, आजी आडकल्या."

माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट दुरुस्त झाली. मी आत पाय टाकला, थबकलो आणि बाहेर येऊन बूट काढले.