ताडपत्रीची झाडं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत, राजापेठेतल्या माझ्या शिकवणीत नववीच्या मुलांना बीजगणित शिकवत होते. ‘ताई, हे गेले...’ एवढंच ती बोलली. रडू नंतर आलं, आधी दादाचा रागच आला. महिना उलटला, तो राग अजून उतरलेला नाही.

माझा थोरला भाऊ शेंदूरजनाघाटचा, संत्र्याचा बागाईतदार. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता. डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ उठलं तेव्हा टीव्हीवर किनारा दाखवत होते, होड्या दाखवत होते. वऱ्हाडाचं नाव कोणी घेतलं नाही, आणि पाऊस मात्र आमच्याकडे मुक्कामाला. तोही नेमका ताणाच्या दिवसांत. फळ उतरलं की संत्र्याचं पाणी तोडतात, झाडाला तहानलेलं ठेवतात, तोच ताण. मग जानेवारीत पाणी दिलं की ते फुलावर येतं. मध्येच पाऊस पडला तर नुसता पाला फुटतो, बहार गेलाच म्हणून समजा. दादानं काय करावं? गोठ्यावरची, ट्रॅक्टरवरची, शेजाऱ्यांकडून मागून आणलेली, मिळेल ती ताडपत्री झाडांच्या बुडाशी अंथरली आणि कडेनं चर खणत बसला. साठी ओलांडलेला, दम्याचा माणूस, दिवसभर भिजत.

मी फोनवर ओरडलेच, ‘दादा, आभाळ फाटल्यावर ताडपत्रीनं काय होते? घरात जाय.’

‘तू काहून चिडून राहिली? मी काय मिठाचा हाय, विरघळाले? चार झाडं तरी वाचू दे. मंग येतो अमरावतीले, दाखव मले कोन्या डॉक्टरले दाखवाचं ते.’

आला नाही. ताप छातीत उतरला, आणि दवाखान्यात नेताना गाडीतच...

पुढे नुकसानीच्या पाहणीला साहेब आले. ‘झाडं तर हिरवीगार आहेत, फळही पडलेलं नाही,’ म्हणाले. फळ आधीच उतरवून झालं होतं. पडणार काय, कपाळ? भेटायला येणारेही तेच, ‘बाग मस्त ठेवली हो भाऊंनी.’ त्या हिरव्या पाल्याकडे पाहून माझं डोकं फिरायचं.

बुडाशी ताडपत्री अंथरलेली चार-पाच झाडं तेवढी मलूल उभी होती. एक पाहुणे म्हणाले, ही मेली. मेली नव्हती, त्यांचा ताण टिकला होता. पाणी द्यायची वेळ टळून चालली होती, पण सुतकात कोणाला सुचणार? ती वेळ दरवर्षी दादा ठरवायचा, पान चुरगाळून पाहून. आम्हाला कधी शिकवलं नाही त्यानं, याचाही रागच येतो.

‘ताई, देऊ का पाणी?’ वहिनीनं मला विचारलं. मला काय कळतंय त्यातलं... दे म्हणाले.

तिनं मोटर सुरू केली. पाणी पहिल्या झाडाच्या आळ्यात शिरलं, तशी आम्ही दोघींनी सवयीनं मागं वळून पाहिलं. उशीर केला म्हणून करवादायला बांधावर कोणी नव्हतं.