धम्मरत्न सरांचा बैलबाजार

बैल हाकायच्या तुतारीचा पहिला फटका धम्मरत्न सरांच्या कानशिलावर बसला आणि चष्मा उडून शेणात पडला. दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला काठीच्या टोकाचा खिळा दंडात रुतला आणि निघताना सदऱ्यासकट कातडी घेऊन निघाला. घाटंजीच्या बैलबाजारात, भर दुपारी, विद्यार्थ्यांदेखत हा माणूस मार खात होता आणि कशासाठी, ते त्याला ठाऊक नव्हतं.

अहो, काय माणूस! टिनाच्या शेडमध्ये इंग्रजीची शिकवणी घ्यायचा, पण थाट असा की जणू पडदा आत्ताच वर गेलाय. फळ्यावरचं पुसलं जातं, डोळ्यांनी पाहिलेलं पुसलं जात नाही, हा त्याचा हट्ट. म्हणून तुलना शिकवायची तर पोरांना घेऊन तो थेट बाजारात. "टॉलर अँड स्ट्राँगर! दोन विशेषणं म्हणजे बैलजोडी, अन् मधातला 'अँड' म्हणजे जू. जू सुटलं का जोडी उधळलीच!" आधी इंग्रजीत म्हणायचं, मग मराठीत, सगळ्यांनी एका सुरात.

दोन हजार सहाचा तो उन्हाळा मात्र वाईट होता. कापसानं भल्याभल्यांना लोळवलं होतं, चारा संपला होता, आणि दावणीची जनावरं बाजारात ओळीनं उभी होती. नागोरावही आपला पांढरा बैल घेऊन आला होता. उतारवयाचा, बरगड्या दिसणारा. पलीकडे कत्तलखान्याचा ट्रक लागलेला, आणि बैल त्या ट्रकात जाऊ नये एवढंच नागोरावला हवं होतं. पुष्कळ गयावया केल्यावर बापूजी नावाचा शेतकरी राजी झाला. हलकं काम देईन, म्हणाला. दोघांचे हात दुपट्ट्याखाली गेले, बोटांनी सौदा सुरू झाला. अशा वेळी दुसऱ्याच्या जनावराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, असा बाजाराचा रिवाज. पुस्तकातल्या माणसाला तो कुठून माहीत असणार!

सरांनी एका धिप्पाड बैलाकडे बोट केलं, मग नागोरावच्या बैलाकडे. "मोनाली, बोल!"

"अ थिनर अँड ओल्डर बुलक!" पोरगी खणखणीत बोलली. आणि सगळ्या वर्गानं आभाळ फाडलं, "त्याच्याहून रोड आन् त्याच्याहून म्हातारा बैल!"

बापूजीनं हात बाहेर काढला. "लेकरायले दिसते, मले कसं नाही दिसलं गा?" असं म्हणून हसत निघून गेला.

तेव्हा नागोरावनं तुतारी उचलली होती.

"मुडदा पाडतो तुया! माह्या बैलाले ट्रकात घातलं तुनं, मास्तर!" चौथा फटका तोंडावर आला. ओठ फाटला. मग बाजार धावला, पण सोडवायला नव्हे. शिकल्या माणसावर हात टाकतो म्हणून लोकांनी नागोरावला खाली पाडलं. लाथा, जोडे, कुणाच्या हाती जुवाची लाकडी शिवळ. ती बरगडीवर बसली तो आवाज सरांनी ऐकला. तेवढ्यात, सौदा मोडला म्हणजे बैल आता आपलाच असं धरून ट्रकवाल्यानं त्याचा कासरा धरला आणि त्याला ओढत नेऊ लागला. सरांनी ट्रक पाहिला, बैल पाहिला, आणि आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं.

ते नागोरावच्या अंगावर आडवे पडले. चार लाथा त्यांनाही बसल्या. "बस्स!" अशी आरोळी ठोकली की बाजार गप्प झाला. तसेच उठून ते ट्रककडे धावले. ट्रकवाल्यानं पोटात गुडघा घातला. सरांनी जन्मात कुणावर हात उचलला नव्हता, तो त्या दिवशी त्याच्या नाकावर उचलला. रक्त उडालं. कासरा त्यांनी हिसकून धरला; तळहात सोलले, तरी सोडला नाही.

"बैल कोणी देल्ला तुले?" नाक धरून ट्रकवाला ओरडला.

"म्या देल्ला!" धुळीत पडलेला नागोराव बोलला. "मास्तरले देल्ला. सोड."

संध्याकाळी दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारी लागल्या. हवालदार जबानी घ्यायला आला.

"कोणी मारलं, सर?"

"बैलानं," फाटक्या ओठांनी सर म्हणाले.

"आन् तुमाले?"

नागोराव भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचे खांदे हलत होते. "मले बी बैलानंच."

"एवढा मारका बैल! हाय कुठं तो?"

सरांची बायको कांताबाई उशाशी हळद कालवत बसली होती. ना शेत, ना गोठा. नवऱ्यानं पोरांकरवी बैल घरालगतच्या शिकवणीच्या शेडात बांधून घेतलेला. तिनं दोघांकडे रागानं पाहिलं.

"आमच्या घरी हाय, साहेब. आता तिथंच राहीन. पाहाले याचं असन तं कडब्याची एक पेंढी घेऊन या."