उलटेकाकांची सरळ फेरी

वेशीपासून घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत कुठल्याही दुकानदाराला विचारा, त्याला काकांचं खरं नाव सांगता येणार नाही. उलटेकाका म्हटलं की मात्र लगेच बोट दाखवेल. जुनं शहर दाखवणारे बाकीचे गाइड छत्री उंच धरून पुढे चालतात आणि माहिती पाठीमागे फेकत जातात, कोणाच्या अंगावर पडली तर पडली. काका पाहुण्यांकडे तोंड करून चालायचे, म्हणजे पाठीने, मागे मागे. ज्याच्याशी बोलायचं त्यालाच पाठ दाखवायची ही कुठली रीत, असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षं ते असेच चालले आणि एकदाही पडले नाहीत.

लोकांना ही जादू वाटायची. जादू कसली, काका पाहुण्यांच्या तोंडावर रस्ता वाचायचे. मागून हातगाडी आली की समोरच्या भुवया चढतात. पायरी आली की नजर खाली जाते. कुत्रं आडवं झोपलेलं असलं की ओठ हसायला लागतात. बाकी गल्ल्यांचे चढउतार त्यांच्या टाचांना पाठ होते.

मग डोळ्यांचं सुरू झालं. आधी चहा कपाऐवजी बशीत पडला, मग दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. काका गुपचूप एकटेच डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, कडेकडून विझत येणारा आजार आहे. मधलं दिसत राहील, तेही किती दिवस ते सांगता येत नाही, आणि गेलेलं परत येणार नाही. काका घरी आले आणि बायकोला म्हणाले, "वाचायचा चष्मा सांगितलाय." झाकली मूठ सव्वा लाखाची.

खरी गंमत पुढेच आहे, तिला गंमत म्हणायचं असेल तर. जो माणूस मुळातच पुढे बघून चालत नाही, त्याला दिसत नाही हे कोणाच्या लक्षात येणार? अडचण एवढीच होती की दिसायचं ते नळीतून बघावं तेवढंच, आणि त्या नळीत एकच चेहरा मावायचा. म्हणून काकांनी घोळक्यांच्या फेऱ्या सोडल्या आणि फक्त खासगी फेऱ्या घ्यायला लागले. एक पाहुणा, एक चेहरा. बाकीचे गाइड म्हणायला लागले, काका आता बड्या लोकांचे झाले. काका हसून सोडून द्यायचे. गाइड मंडळाला कळलं तर बिल्ला त्याच दिवशी जमा करावा लागला असता. आणि त्याहून मोठी भीती होती, ती ते स्वतःशीसुद्धा बोलायचे नाहीत: एखाद दिवशी आपल्या भरवशावर चालणारं माणूस आपल्यामुळे पडेल.

घरात मात्र त्यांना अजून सामानाचा धक्का लागत नव्हता. तसं हे नवलच. कारण त्यांच्या बायकोला सामान हलवायचं वेड. दर थोड्या दिवसांनी कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला, टेबल खिडकीखालून दारामागे. जावई म्हणायचा, सासूबाईंच्या घरी पाणी प्यायला उठायचं तर नकाशा लागतो. हल्ली तिचा तो छंद बंद पडला होता. गुडघे दुखत असतील, असं काका धरून चालले होते. ही गोष्ट ज्या दिवसाची, त्या दिवशी सकाळी निघतानाही ते तिला म्हणाले होते, "काय गं, कपाटाला मुळं फुटली वाटतं."

तिने डबा त्यांच्या हातात दिला आणि नेहमीसारखी दारात उभी राहिली.

त्या दिवशीची पाहुणी मंडळाने पाठवलेली, ती काकांना फोनवर एवढंच म्हणाली होती, "मी एकटीच आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेय. हळू चालते." काकांना असेच पाहुणे हवे असायचे. वेशीपाशी टॅक्सी थांबली, काकांनी नळीत चेहरा पकडला. चेहऱ्यावर काळा चष्मा होता. खाली दगडावर टक टक असा आवाज आला. पांढरी काठी.

या चेहऱ्यावर काय वाचणार? हातगाडी आली काय आणि खड्डा आला काय, तो तसाच शांत राहणार होता. पोटात दुखतंय म्हणून परत फिरावं असं काकांच्या मनात आलं. पण वेशीच्या खिडकीत मंडळाचा सेक्रेटरी बसलेला, आणि तो आवाज देऊन म्हणालासुद्धा, "बाईंना नीट सांभाळून न्या हो काका. म्हणून तर तुम्हालाच दिलंय." आता नाही कसं म्हणायचं आणि कारण काय सांगायचं?

काकांनी बाईंचा हात धरला. बाईंनी तो सोडवून घेतला.

"मला धरू नका," त्या म्हणाल्या. "लोक पोतं ओढल्यासारखं ओढतात. मी तुम्हाला धरते. कोपर द्या, आणि अर्धं पाऊल पुढे चाला. तुम्ही वळलात की मला कळतं, थांबलात की कळतं."

म्हणजे सरळ चालायचं, तोंड पुढे करून. तीस वर्षं जी गल्ली पाठीला ओळखीची होती, ती तोंडाला अगदी परकी निघाली. उजवं डावीकडे गेलं, डावं उजवीकडे. टाचांना जे ठाऊक होतं ते चवड्यांना ठाऊक नव्हतं. नळीत समोर एक दुकानाची पाटी दिसत होती, तिच्या आजूबाजूला काही नव्हतं, आणि त्या काही नसण्यातून माणसं, सायकली, गाड्या अचानक बाहेर येत होत्या.

रंगाऱ्यांच्या गल्लीत एक सायकल त्यांच्या बाहीला घासून गेली. काका थिजले.

"का थांबलात?" बाईंनी विचारलं.

"इथे... इथे एक कमान आहे. फार जुनी."

तिथे कमान नव्हती. शहराबद्दल काका आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. राजाने बांधलं म्हणतात पण पुरावा नाही, असं स्वच्छ सांगणारा हा माणूस. आणि आता पाय अडखळला की कमान, कोणी अंगावर आलं की कमान, समोर काय आहे ते कळेना झालं की आणखी एक कमान. एकीकडे तोंडाने माहिती चालू होती, या भिंतींवर जुन्या रंगांचे डाग अजून आहेत, हात लावून बघा, आणि दुसरीकडे पाय जमीन चाचपत होते. बाई हात लावून बघत होत्या. भिंत कुठे गुळगुळीत आहे आणि कुठे नवा गिलावा आहे ते बोटांनी शोधत होत्या. मध्येच म्हणाल्या, "तुमच्या शहरात कमानी फार दिसतात."

काकांनी हसण्याचा प्रयत्न केला.

पुढे कापडवाल्यांची गल्ली. तिथल्या दुकानांना तळघरं आहेत आणि त्यांच्या झडपा थेट रस्त्यात उघडतात. माल उतरवायचा असला की लोखंडी झडप वर करतात आणि रस्त्याला चौकोनी भोक पडतं. काकांना हे माहीत नव्हतं असं नाही. दर वेळी पाहुण्याची नजर दचकून खाली जायची आणि काका न बघता बाजूला सरकायचे. पाहुणे टाळ्या वाजवायचे. पण आज नजर नव्हती. काका वरच्या सज्जाकडे हात करून सांगत होते की इथल्या बायका वरून टोपली सोडून कापड घ्यायच्या, आणि सांगता सांगता त्यांनी पाऊल उचललं.

कोपराला असा हिसका बसला की ते मागे भिंतीवर आदळले. पुढे टाकलेला बूट रिकाम्या जागेतून परत आला. आता त्यांनी मान वाकवली आणि नळीत ते भोक दिसलं: काळोख, शिडीची वरची पायरी, आणि खूप खाली एका माणसाचं टक्कल.

"गार हवा लागली पायाला," बाई म्हणाल्या. त्यांची काठी कडेवर टेकलेली होती.

खालून दुकानदाराचा आवाज आला. "अहो उलटेकाका, आज सरळ चालताय म्हणून पडताय होय?" आणि तो आपल्याच विनोदावर हसला.

काकांना हसता आलं नाही. आपण पडलो असतो, एवढ्याने ते हादरले नव्हते. आपलं कोपर धरून ती बाई आपल्या मागोमाग आत गेली असती, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, नळीतून नव्हे, सगळ्या बाजूंनी.

चौकातल्या कारंज्यापाशी बाक होतं. बाईंनीच पाण्याच्या आवाजाच्या रोखाने त्यांना तिथवर नेलं. दोघं बसले.

"किती दिसतं?" बाईंनी विचारलं.

"कोणाला? मला? मला काय धाड भरलीय?"

"तुमचं कोपर माझ्या हातात आहे सकाळपासून," बाई म्हणाल्या. "डोळस माणसाचं कोपर सैल असतं, हो. बोलता बोलता हलतं. तुमचं वेशीपासून लाकूड झालंय. आधी वाटलं, आंधळ्या बाईला न्यायची भीती असेल. पुष्कळांना असते. पण मग त्या कमानी."

काकांनी बिल्ल्यावर हात ठेवला, कोणी आत्ताच काढून नेईल असा. मग म्हणाले, "मधलं दिसतं. एक चेहरा मावेल एवढं."

बाईंनी मान हलवली. "मीही लपवलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. समोर दिव्यांचा फळा, कुठला दिवा लागला ते बघून वायर जोडायची. दिवे दिसेनासे झाले तरी मी अंदाजाने जोडत राहिले. सगळं पाठ होतं ना मला. एकदा एका माणसाला बायकोसाठी घाईने दवाखाना हवा होता. मी त्याला दोनदा शिंप्याकडे जोडून दिलं." त्या जरा थांबल्या. "त्याची बायको वाचली. पण माझ्यामुळे नाही. शेजारची मुलगी उठली आणि तिने माझ्या हातातली वायर काढून घेतली."

कारंज्याचं पाणी पडत राहिलं.

"चला," बाई म्हणाल्या. "फेरी पुरी करा. मनोऱ्याला हात लावल्याशिवाय मी जायची नाही. फक्त आता काठी पुढे."

उरलेला रस्ता ते तसेच चालले. काठी पुढे, मग बाई, आणि त्यांच्या कोपराला धरून काका. माहिती काकांची, वाट बाईंची. लोक बघत असतील, नसतील. काकांना ते दिसत नव्हतं, आणि भीती काही गेली नव्हती. पण त्यांनी पुन्हा एकही कमान बांधली नाही. टॅक्सीत बसताना बाईंनी विचारलं, "घरी कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"मग झडप अजून उघडीच आहे," बाई म्हणाल्या, आणि टॅक्सी गेली.

काकांनी बिल्ला सेक्रेटरीच्या खिडकीत ठेवला. त्याने विचारलं, पट्टा तुटला का? काका म्हणाले, उद्या सांगतो. आज त्यांना दुसऱ्या कोणाला तरी आधी सांगायचं होतं, आणि त्या सांगण्याची धास्ती तळघराच्या भोकापेक्षा मोठी होती. घरी येईपर्यंत त्यांनी चार वाक्यं मनात जुळवली आणि चारही मोडली.

बायको दारातच होती. काका आत आले, चौकटीला न लागता, टेबलाला वळसा घालून, कपाटाच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. डोळे झाकून बसता आलं असतं इतकं सगळं जागच्या जागी होतं. आणि तेव्हा, इतक्या दिवसांनी, त्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी कपाटावर हात ठेवला.

"तुझे गुडघे दुखत नाहीत," ते म्हणाले.

"नाही दुखत," बायको म्हणाली.

"केव्हापासून माहीत आहे?"

ती त्यांच्यासमोर येऊन बसली, बरोबर मध्ये, नळीत मावेल अशी. "संशय आला म्हणून एकदा तुमच्या मागे आले होते. मनोऱ्यापाशी तुमच्या पाहुण्याच्या शेजारी उभी राहिले. हात लांब केला असता तर तुम्हाला लागला असता. तुम्ही घड्याळाची सगळी गोष्ट सांगितलीत आणि माझ्या समोरून निघून गेलात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले," ती म्हणाली. "घरातलं सगळं जागच्या जागी ठेवता येतं मला. एक स्टूल हलू दिलं नाही. पण बाहेरचं शहर कसं ठेवू? रोज तुम्ही गेलात की मी दारात उभी राहायचे आणि परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा."

काकांना वाटलं होतं, एवढे दिवस भीती आपण एकट्याने वाहिली. ते रडले म्हणा, त्यात काय लपवायचं.

मग बायको उठली. डॉक्टरकडे आत्ताच जायचं, म्हणाली, पुढे काय ते नीट विचारायचं. तिने चपला घातल्या, काकांचा दंड घट्ट धरला आणि त्यांना दाराकडे न्यायला लागली.

काकांनी हात सोडवून घेतला.

"तू मला धरू नकोस," ते म्हणाले. "कोपर दे. मी तुला धरतो."

तिने कोपर पुढे केलं. काकांनी ते धरलं आणि त्यांना कळलं, तेही लाकडासारखं ताठ झालेलं होतं.