हुआशानवरचं भांडण

त्या वर्षी मी देवीशी बोलणं टाकलं होतं. म्युनिकच्या आमच्या घरात सप्तशृंगीची तसबीर आहे, तिच्यापुढे लग्नापासून रोज दिवा लावत आले होते. मग उजव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. सासूबाई पुण्याहून येऊन आठ महिने माझ्यासाठी राबल्या. शेवटच्या तपासणीनंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चला, आता गाठीचं काही उरलेलं नाही." घरी येताच सासूबाईंनी हात जोडले. "देवीची कृपा गं." मी ताडकन म्हणाले, "अहो आई, कृपाच करायची होती तर आजार दिलाच कशाला?" त्यांनी तसबिरीपुढे दिवा लावला. मला मात्र त्याचाही राग आला.

त्याच सुमारास नवऱ्याला मशीन बसवायच्या कामासाठी दोन आठवडे चीनमधल्या शीआनला जायचं होतं. मी म्हटलं, मीही येणार, आणि तिथल्या हुआशान डोंगरावर चढणार. नऊ वर्षांची लेक जर्मनमध्ये ओरडली, "ममा, श्पिन्स्ट डू?" वेड लागलंय का, असं ती विचारत होती. नवरा हळूच म्हणाला, "अगं, त्या उजव्या हाताचं काय? डॉक्टर वजन उचलायचं नाही म्हणालेत." "वजन नाही उचलणार," मी म्हटलं, "स्वतःला उचलणार." गेले आठ महिने प्रत्येकाने मला जपून ठेवलं होतं. पाण्याचा पेलासुद्धा कुणी हातात दिला की माझं डोकं उठायचं.

लेक सासूबाईंजवळ राहिली. शीआनमध्ये नवरा कामावर गेला की मी एकटीच भटकायची. जुन्या शहराभोवतीच्या रुंद तटावर मी भाड्याच्या सायकलवरून फिरले, खालच्या कौलारू घरांकडे बघत. दुसऱ्या दिवशी मातीचे सैनिक पाहिले. मेलेल्या राजाच्या राखणीला हजारो जण रांगेत उभे, प्रत्येकाचा चेहरा निराळा. मरणाशी एवढ्या तयारीने भांडणारा माणूस मला जवळचा वाटला. इतकं करूनही तो मेलाच, हेही कळत होतं, पण त्याने मी नमले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळीच हुआशानची बस पकडली.

रोपवेच्या पाळण्याने उत्तर शिखरापर्यंत गेले. पुढे एका अरुंद सोंडेवरून दगडी पायऱ्या चढतात, दोन्हीकडे खोल दरी, धरायला लोखंडी साखळ्या. काखेतल्या गाठी काढल्यामुळे माझा उजवा हात लवकर सुजायचा. अर्ध्या वाटेवर बोटं बधिर झाली, साखळी धरवेना. मागे माणसांची रांग, खाली उतरायला जागा नाही. मी डोळे मिटले आणि देवीला चक्क मोठ्याने मराठीत म्हणाले, "बघतेस काय? इतकं केलंस, आता ढकलून दे!"

पाठीवर एक हात आला. मागे सत्तरीची एक म्हातारी उभी होती. पायात कापडी बूट, पाठीवर पिशवी, पिशवीतून उदबत्त्या डोकावत होत्या. ती चिनीत काहीतरी म्हणाली, माझ्या हाताकडे टक लावून पाहिलं आणि मला वळसा घालून पुढे आली. माझा सुजलेला हात साखळीवरून सोडवून तिने स्वतःच्या खांद्यावर ठेवला. मी नेहमीच्या सवयीने ओढून घेतला. तिने पुन्हा ठेवला, आणि या वेळी वरून आपला तळवा घट्ट दाबला. एक पायरी चढायची, थांबायचं, मागे वळून बघायचं. किती पायऱ्यांनंतर कोण जाणे, मी माझा सगळा भार तिच्यावर सोडून दिला. ती डगमगली नाही.

मधल्या शिखरावर देवीचं एक छोटं देऊळ आहे. तिथे पोहोचल्यावर तिने तीन उदबत्त्या पेटवून माझ्या हातात दिल्या. मला नमस्कार करायचा नव्हता. मी त्या रंगवलेल्या, लालचुटुक गालांच्या मूर्तीपुढे उभी राहून आठ महिन्यांचं सगळं बोलून टाकलं, शिव्यांसकट. म्हातारी शेजारी उभी राहून "हं, हं" करत ऐकत होती. माझं संपलं तशी तिने स्वतःची उजवी बाही वर सारली. तिचा हात मनगटापासून खांद्यापर्यंत माझ्यासारखाच सुजलेला होता. मग तिने छातीच्या उजव्या, सपाट बाजूवर हलकेच थोपटलं आणि दात नसलेल्या तोंडाने हसली.

मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती देवळातच थांबली, मी सावकाश उतरून पाळणा गाठला. तिचं नाव मला विचारता आलं नाही.

ती तिथे त्या क्षणी कशी आली, यावर मी वाद घालत नाही. हजारोंच्या गर्दीत असा एक हात भेटू शकतो, हे मलाही समजतं. पण भेटला मला, आणि त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. देवीला आजही जाब विचारते. भ्यायला हवं म्हणून गप्प बसणं मला जमायचं नाही, आणि तिलाही ते चालत असावं. त्या पायऱ्यांवर मी हात टेकले नाहीत. एका खांद्यावर ठेवला, इतकंच.