शेव-मुरमुऱ्यांखालची चित्रं

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी मासिकांच्या मधोमध एका हसऱ्या बाईचं रंगीत चित्र घडी घालून दिलेलं असे. घरापासून लांब असलेले शिपाई ते काढून बराकीच्या भिंतीला टाचत. लाल ओठांच्या, तोकड्या कपड्यांतल्या बाया. कुणी टेलिफोन कानाला लावलेली, कुणी वाऱ्यानं उडालेला झगा सावरणारी. अशी चित्रं मी जमवतो. धुळ्यात हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या बायकोकडे बघतात.

ही चित्रं मला भावानं दिली. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर त्यानं चौथीतून शाळा सोडली, लोटगाडीवर रद्दी गोळा केली, पुढे रद्दीचं दुकान टाकलं आणि मला एम.ए. केलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. जे काही झालो ते त्याच्या जिवावर.

एका व्यापाऱ्याच्या घरून आलेल्या गठ्ठ्यात मला पहिलं चित्र सापडलं. एकही रेघ न ओढता चित्रकारानं गाल कसा उचलला होता, ते बघत मी दुकानातच बसून राहिलो. चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं होती, भोवती गंज चढलेला. त्यानंतर असा कागद आला की भाऊ बाजूला काढायचा आणि दुकानातून ओरडायचा, “ये रे, तुन्या मडमा उन्यात!” कोणता रंग आधी लावला असेल, कोणता नंतर, ते मी प्रत्येक चित्राच्या कडेला पेन्सिलीनं इंग्रजीत लिहून ठेवत असे.

भावाचं लग्न ठरत आलं तेव्हा तो तिशीला टेकला होता. मुलगी नशिराबादची. मुलगा-मुलगी पाहून झाली होती, घर बघायला मुलीकडची माणसं येणार होती. मुलीचे काका शाळामास्तर, त्यांचा शब्द शेवटचा.

पाहुण्यांना शेव-मुरमुरे द्यायचे होते. घरात ताटल्या कमी आणि धंदा रद्दीचा, त्यामुळे मुरमुरे कागदावरच. आईला वाचता येत नव्हतं, पण कागद तिला बोटांनी कळायचा. वर्तमानपत्राची शाई पाहुण्यांच्या हाताला नको, म्हणून तिनं माझ्या फाइलीतले जाड, गुळगुळीत कागद काढले आणि कोरी बाजू वर करून मांडले. चित्रातल्या बायांचं तिला काही वाटलं नाही. कॅलेंडरवर असते तशी बाई, एवढंच.

मास्तरांनी शेवटची शेव तळहातावर घ्यायला कागद उलटा केला.

“काय पाहुणचार आहे भो!” त्यांच्याबरोबरचा एक जण हसला.

मास्तर हसले नाहीत. “हे कोणाचं?”

आठ दिवसांनी मला मुलींच्या शाळेत रुजू व्हायचं होतं. मी जमिनीकडे बघत राहिलो.

“मन्हं शे, गुरुजी,” भाऊ म्हणाला. “धाकला शिकेल शे, त्याले काय करनं हाई?”

आठवड्यात नकार आला. पुन्हा भाऊ कुठल्या मुलीला बघायला गेला नाही. मला एका शब्दानं बोलला नाही, आणि कागद बाजूला काढणंही त्यानं थांबवलं नाही. मी मात्र सगळ्यांना सांगत आलो, की लोकांच्या कोत्या मनापायी माझ्या भावाचं घर वसलं नाही. वर्गातही सांगितलं.

यंदा उन्हाळ्यात, दुकानात गठ्ठा बांधता बांधता भाऊ गेला. सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या विधीच्या आदल्या दिवशी नशिराबादचे मास्तर भेटायला आले. खूप थकले होते. मी त्यांच्याजवळ बसलो आणि म्हणालो, “गुरुजी, ती चित्रं माझी होती.”

“माहीत आहे. कडेला इंग्रजीत लिहिलेलं होतं. चौथी शिकलेला माणूस लिहील का ते?”

“मग नकार का दिलात?”

“चित्रांसाठी नाही दिला. तुम्ही खाली बघत बसलात, म्हणून दिला. म्हटलं, हा माणूस जन्मभर धाकट्याचं अंगावर घेणार, आणि आमची पोर त्याच्याबरोबर भरडली जाणार. पोरीला तो फार आवडला होता. तुम्ही त्या दिवशी एक शब्द बोलला असतात, तर मी सुपारी फोडूनच उठलो असतो.”

मी हात दिला तेव्हा ते उठले. जाताना म्हणाले, “आता मनाला लावून घेऊ नका.”

त्यांच्या जागी गल्लीतला एक जण येऊन बसला. “देवमाणूस होता,” तो म्हणाला. “लोकांनी त्याचं घर वसू दिलं नाही.”

“लोकांनी नाही,” मी म्हणालो. “मी.”

मी दुःखात काहीतरी बोलतोय असं त्याला वाटलं. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.