लाल फितीतलं पुस्तक

ज्ञानाचा मान आमच्याइतका कुणीच ठेवत नसेल. तो ठेवण्यात आमचा इतका वेळ जातो, की ज्ञानाला हात लावायला सवड होत नाही.

पूर्णेच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, तिथे वालूरची एक मुलगी भालाफेक करते. दिवाळीनंतर तिची विभागीय निवड चाचणी होती. ताकद कमी पडत होती, आणि भलतंसलतं वजन उचललं तर खांदा जाईल हे तिला कळत होतं. "सर, वजन कसं वाढवायचं ते नीट सांगणारं पुस्तक मागवा की," असं तीच म्हणाली.

एका पुस्तकासाठी समिती बसली. संस्थेचे सचिव, खेळाचे सर आणि मी. विक्रेत्यानं दोन पुस्तकं आणली होती. एक बारीक, नवख्या खेळाडूनं रिकाम्या दांड्यापासून सुरुवात कशी करावी आणि कधी थांबावं, हे सांगणारं. दुसरं पाटा-वरवंट्याच्या वजनाचं. त्याच्या मुखपृष्ठावर एक उघडाबंब माणूस होता, ज्याची मान खांद्यांनी गिळली होती.

सचिवांनी बारीक पुस्तक चिमटीत धरलं. "हे काय सर, लग्नपत्रिका आणली का?"

"आत वाचून बघा."

"वाचायचं तुमी. आमी लोकायला काय दिसंल ते बघायलो."

"साहेब म्हणतेत ते बराबर हाय," खेळाचे सर म्हणाले. त्यांनी दोन्हींपैकी एकही उघडलं नव्हतं.

बारीक पुस्तक विक्रेत्याबरोबर परत गेलं. जाड्याला लाल फीत बांधून सचिवांच्या दालनात, काचेच्या कपाटात ठेवलं. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते फीत सुटेपर्यंत ते उघडणं म्हणजे बेअदबी. पाहुण्यांची तारीख पुढे पुढे जात राहिली. मी कपाटाची किल्ली मागितली, तर सचिव हसले. "सर, वरात यायच्या आधीच नवरीचं तोंड बघता का?"

"आलं का हो पुस्तक?" मुलगी विचारायची.

"आलंय. बांधून ठेवलंय."

शेवटी खेळाच्या सरांनीच सूत्रं हाती घेतली. दांड्याला वजनाच्या चकत्या चढवत ते म्हणायचे, "टाक अजून एक. काय व्हत न्हाई." झालं. चाचणीच्या मैदानावर तिनं भाला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

पुढच्याच आठवड्यात पाहुणे आले. युवाशक्तीवर तासभर बोलले. कात्रीचं तबक धरायला गुणवंत खेळाडू म्हणून तिलाच उभं केलं होतं.

"बेटा, शुभकार्य आहे. तबक डाव्या हातात धरू नये," पाहुणे म्हणाले.

"उजवा उठत न्हाई, साहेब."

सचिवांनी तबक दुसऱ्या मुलीकडे दिलं. फीत कापली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले, आणि पुस्तक न उघडताच परत कपाटात गेलं.