अनवाणी बिल्ड कुणाचा

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलरूत नेरिडा ट्रेझाईसला सगळे ओळखतात ते सायलोवरची, म्हणजे धान्याच्या कोठारांवरची बाई म्हणून. धान्याचा ट्रक आला की ही चौथऱ्यावर चढून लांब नळी धान्यात खुपसते, नमुना काढते, आणि ओल, दाणा, कचरा तपासून सांगते की हा माल पहिल्या प्रतीचा आणि हा गुरांच्या खाद्याचा. शेतकरी तोंडावर कुरकुरतात, पाठीमागे शिव्या घालतात, पण तिचा निकाल मानतात. एकवीस वर्षांत तिचा नमुना फेरतपासणीत एकदाच चुकला, आणि तोही यंत्रामुळे, हे ती आजही भांडून सांगते.

अशा बाईला चोपन्नाव्या वर्षी गेमचं वेड लागावं! झालं काय, तिचा मुलगा डार्सी नोकरीसाठी ॲडलेडला गेला, तिथं त्यानं गेमचं नवं यंत्र घेतलं आणि जुनं आईच्या दिवाणखान्यात टाकून दिलं. “धूळ खात पडेल, त्यापेक्षा तूच खेळ,” असं म्हणून तो हसला होता. नेरिडानं ते मनावर घेतलं. नवरा कधीचाच पोर्ट लिंकनला दुसरीकडे संसार थाटून बसलेला. घरात बोलायला कोण, तर टीव्ही.

गेम तलवारी, राक्षस आणि पडक्या देवळांचा. त्यात आपला योद्धा आपणच घडवायचा. ताकद किती, दम किती, मंत्र किती, हत्यार कुठलं, अंगावर काय, ह्या सगळ्या घडणीला खेळणारे बिल्ड म्हणतात. ऑगस्टात त्या गेमचा नवा भाग आला. त्याच्या शेवटी एक आंधळी राणी बसली होती, आणि तिनं जगभरच्या लोकांच्या नाकी नऊ आणले. शंभर शंभर वेळा मरून लोक रडकुंडीला आले. योद्धा मोडून नव्यानं घडवायचा तर राळेचा एक मणी खर्च करावा लागे, आणि साऱ्या गेममध्ये मणी फक्त अठरा.

नेरिडा रोज पहाटे कामावर जायच्या आधी दीड तास बसायची. आधी मोठा हातोडा, मग दोन सुरे, मग धनुष्य, मग नुसते मंत्र. प्रत्येक बिल्डनं राणीशी दहा वेळा लढायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळं वहीत उतरवायचं. सायलोवर हेच तर शिकली होती ती.

“काय गं, आज किती वेळा मेलीस?” तिच्या जोडीला काम करणारी ग्वेंडा रोज विचारायची.

“सात.”

“बरी आहेस की! माझा नवरा तर घरी बसूनच मेल्यासारखा आहे.”

सोळावा मणी गेला तेव्हा नेरिडाच्या डोक्यात प्रकाश पडला. राणी आंधळी आहे, म्हणजे ती ऐकते! जगभरचे शहाणे जड चिलखतं चढवून, बूट आपटत तिच्यापुढे जात होते. नेरिडानं योद्ध्याचे बूट काढले. चिलखत काढून पातळ झगा घातला, हातात कोळ्याचा साधा भाला दिला, सगळे गुण दमात ओतले. एक फटका बसला की खेळ खलास. पण राणीला ती सापडेचना! तिसऱ्याच फेरीला राणी गुडघ्यावर आली आणि कोसळली. नेरिडा खुर्चीतून उठली, स्वयंपाकघरात गेली आणि एकटीच मोठ्यानं हसली.

ह्या खेळातल्या लोकांचा एक रिवाज आहे. राणीला एकट्यानं मारल्याचा व्हिडिओ जो पहिल्यांदा टाकेल, त्याच्या नावानं तो बिल्ड ओळखला जातो. नेरिडानं तो लगेच टाकायला नको का? पण नाही! एका नमुन्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. आपल्या एकटीच्या खेळात चाललं म्हणून काय झालं, दुसऱ्यांच्या खेळात चालायला हवं. राणीच्या दाराशी आपली खूण ठेवली की अडलेला कुणी परका खेळाडू आपल्याला मदतीला बोलावू शकतो. तशी खूण ठेवून ती अकरा परक्यांच्या मदतीला गेली. अकरा वेळा राणी पडली. त्यातल्या एकानं निरोप पाठवला, “ताई, हे काय अजब आहे? मलाही सांगा ना.” नेरिडा खूश झाली. कुणीतरी विचारलं तर! वहीतून बघून बघून तिनं त्याला सगळं लिहून पाठवलं, अगदी भाल्याला कुठलं तेल लावायचं तेसुद्धा. आपला व्हिडिओ ती रविवारी करणार होती.

रविवारच्या आधीच सातूचं पीक कापणीला आलं. कापणी सुरू झाली की सायलोवर बारा बारा तास, रविवार बिविवार काही नाही. ट्रकांची रांग पार गावाबाहेर. सहा दिवस नेरिडाला यंत्राकडे बघायलाही सवड झाली नाही. सातव्या दिवशी डार्सीचा फोन आला.

“आई, तू अजून त्या राणीशी झटापट करतेस ना? कशाला उगीच डोकं शिणवतेस! कॅल्डरकिंगचा अनवाणी बिल्ड बघ. नऊ लाख लोकांनी पाहिलाय. काय डोकं आहे त्या माणसाचं!”

नेरिडानं व्हिडिओ लावला. तोच झगा, तोच भाला, तेच तेल. नावही तेच, ताई म्हणणारा तो हाच.

“डार्सी, हा माझा आहे. मी शोधलाय.”

पलीकडे तो हसला, कुचेष्टेनं नाही, प्रेमानंच. “बरं आई, तूच शोधलास.”

त्या ‘बरं’नं तिच्या काळजाला घरं पडली. तिनं कॅल्डरकिंगला निरोप पाठवला, उत्तर नाही. खेळाडूंच्या चर्चेत लिहिलं, तर लोक तुटून पडले. व्हिडिओ कुठाय? त्याला पाठवलेला निरोप गेमनं दोन दिवसांतच पुसला होता. वहीचे फोटो टाकले, तर म्हणे व्हिडिओ बघून वही कुणीही लिहील. एकानं तर ‘चोर म्हातारी’ म्हटलं. एकवीस वर्षं जिच्या शब्दावर ट्रक परत फिरले, ती! ज्या अकरांना मदत केली त्यांची खरी नावं तिला कुठं माहीत? नुसती शिरस्त्राणं आठवत होती. त्या दिवसापासून तिनं राणीच्या दाराशी खूण ठेवली नाही.

“सोड गं,” ग्वेंडा म्हणाली. “खेळच आहे ना तो?”

“खेळ असेल. अक्कल माझी होती.”

नाताळला डार्सी आला. बाहेर बेचाळीस अंश, भट्टीत पेस्ट्या, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या करंज्या, आणि हा दुपारभर सोफ्यावर राणीच्या हातून मरतोय. अंगावर कॅल्डरकिंगचा बिल्ड, पण चालायचं कधी आणि थांबायचं कधी, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते निरोपात लिहिता येण्यासारखं नव्हतंच मुळी. नेरिडा दारात उभी राहून बघत होती. चौदाव्यांदा तो मेला तेव्हा तिला राहवलं नाही.

“दे इकडे.”

“आई, अगं, तुला नाही...”

“दे म्हणते ना!”

त्यानं गंमत म्हणून फोन काढून चित्रण सुरू केलं. नेरिडानं चपला काढून ठेवल्या आणि बसली. राणीनं मान वळवली की ही थांबायची, राणीनं साखळी ओढली की त्या आवाजात ही चालायची. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. चार मिनिटांत राणी खाली. डार्सी किंचाळून उठला, आईला मिठी मारून त्यानं तिला उचललंच.

ती वाट बघत होती. आता तो म्हणेल. आता त्याला दिसलं असेल.

“बघ!” तो म्हणाला. “मी म्हटलं नव्हतं? कॅल्डरकिंगचा बिल्ड म्हणजे एक नंबर! अगं, तुलासुद्धा जमलं!”

नेरिडा पेस्ट्या बघायला आत गेली. वही भट्टीवरच्या फळीवर होती, ती तिनं खाली काढली, आणि पुन्हा तिथंच ठेवली. तोवर डार्सीनं आईच्या नावानिशी चित्रण टाकूनही दिलं होतं. ताटं वाढेपर्यंत तो फोन नाचवत आत आला, डोळे नुसते चमकत होते. आईचा एवढा अभिमान त्याला लहानपणीही वाटला नसेल.

“आई, त्यानं स्वतः उत्तर दिलंय! तुझं नाव घेऊन! ऐक. ‘शाबास, नेरिडा आजी! माझा बिल्ड कुणालाही जमतो, मी सांगत होतो ना?’ अगं, चाळीस हजार लोकांनी वाचलं तुझं नाव!”

नेरिडानं हात पुसले, चष्मा लावला आणि ते दोनदा वाचलं.

“त्याला काय लिहू?” डार्सीनं विचारलं. “लवकर सांग, लोक बघतायत.”

“लिही,” नेरिडा म्हणाली, “आभारी आहे.”